गॅरेज कट्टा: जुने शॉकप घेताना आधी पाईप बघा

प्रश्न: दादा नमस्कार, मी कळव्याचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे एक्सपल्स २०० आहे. मागच्या महिन्यात मुरबाडच्या बाजूला एका चरात पुढचं चाक आपटलं आणि डावा शॉकप (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दोन दांड्यांपैकी एक) वाकला. नवीन जोडी घेण्याएवढे पैसे नाहीत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर याच गाडीची जुनी जोडी मिळतेय, दुकानदार बोलतो पाईप सरळ आहेत, सील टाक आणि चालव. एक मित्र त्याच्या जुन्या हिमालयनची जोडी देतोय, ती बसेल का? आणि हे सगळं बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्वतः करायचंय, जमेल का?

उत्तर: जमेल, नक्की जमेल. पण हिमालयनची जोडी सोडून दे. तुझ्या शॉकपचा पाईप (आत-बाहेर सरकणारी चकचकीत नळी) ३७ एमएमचा, ४११ वाल्या हिमालयनचा ४१ एमएमचा, तो तुझ्या टीमध्ये (हँडलखाली दोन्ही पाईप वर आणि खाली धरून ठेवणारी पकड) जाणारच नाही, मग टी बदल, एक्सल बदल, डिस्कची जागा जुळव, असं करत करत नवीन जोडीपेक्षा जास्त खर्च होईल.

आता कुर्ल्याची जोडी. सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग), डस्ट सील (तिच्यावरची, धूळ अडवणारी रिंग), ऑइल, खालच्या बोल्टचा तांब्याचा वायसर हे सगळं नवीन मिळतं आणि तसंही बदलायचंच असतं, त्यामुळे शॉकप तेलाने माखलेला दिसला म्हणून घाबरू नकोस, पण पाईप खराब असेल तर वरून कितीही नवीन सील टाक, ते टिकणार नाही. दुकानात गेलास की फडकं आणि थोडं रॉकेल सोबत ने, पाईप पुसून काढ आणि उजेडात धरून सील जिथे वरखाली होतं त्या भागावर नख फिरव. नख अडकलं तर तिथे क्रोम उडून गंज आत गेलाय. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, उघड्यावर पडलेल्या पाईपला असे बारीक खड्डे पडतातच. एखादाच खड्डा असेल आणि तो टीच्या आत झाकला जाणार असेल तर चालतो, पण सीलच्या वाटेत असेल तर जोडी तिथेच ठेवून परत ये, खरंच सांगतो. वागळे इस्टेटला किंवा रबाळे एमआयडीसीत हार्ड क्रोम (क्रोमचा नवा जाड थर) करून घेता येतं पण नंतर पाईप घासून बरोब्बर मूळ मापाला आणावा लागतो आणि त्या खर्चात दुसरी चांगली जोडी येऊ शकते.

सरळ आहे का ते बघायला स्टीलची लांब पट्टी पाईपला लावून मागून उजेड बघ, मग पाईप थोडा फिरवून परत लाव. पाईप शक्यतो खालच्या टीच्या जरा खाली वाकतो, तिथे जास्त लक्ष दे. 'प्रेसवर सरळ करून देतो' म्हणाला तरी घेऊ नकोस, एकदा जोरात वाकलेल्या पाईपवर मी तरी कोणाच्या मुलाला गाडी चालवू देणार नाही. घरी खोलल्यावर नुसता पाईप स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवून बघ (आईला विचारून, खाली पेपर नको, स्वच्छ पुसलेला पाईप), वाकडा असेल तर लगेच उड्या मारतो.

आणि एक गोष्ट तू विचारलीच नाहीस. ज्या फटक्याने पाईप वाकला त्याने टी पण वाकला असू शकतो! नवे पाईप टीमध्ये घातलेस की दोन्हीवर काचेचा सपाट तुकडा आडवा टेकव, काच डुगडुगली तर टी पिळलाय किंवा पाईप नीट बसले नाहीत.

खोलताना क्रम महत्त्वाचा. वरचं झाकण आधी सैल करायचं, त्यासाठी शॉकप तुझ्याच गाडीच्या खालच्या टीमध्ये घालून फक्त तिथला बोल्ट आवळ, वरचा आवळलास तर झाकणाचे आटे दाबले जातात. झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेव, चष्मा घाल. शॉकपच्या तळाचा ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) मात्र झाकण पूर्ण काढायच्या आधीच सैल कर, स्प्रिंगच्या दाबाने आतला रॉड गरगर फिरत नाही, नाहीतर बोल्ट आणि रॉड दोन्ही सोबत फिरत बसतात आणि अख्खी दुपार जाते. स्प्रिंगची दाट वेढ्यांची बाजू वर होती की खाली त्याचा फोटो काढून ठेव, दोन्ही स्प्रिंगची लांबी मोजून सारखी आहे का बघ.

नवीन सील घालताना पाईपच्या तोंडावर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी चढव आणि तिच्यावरून सील सरकव, नाहीतर कडेने सीलचा ओठ कापला जातो. सील ठोकायला त्याच मापाचा पीव्हीसी पाइप चालतो, स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने ठोकू नको.

ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइलच, इंजिन ऑइल नाही. भरल्यावर पाईप हळूहळू वरखाली करून हवा काढ, मग स्प्रिंग न घालता पाईप पूर्ण खाली दाबून वरच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोज, मॅन्युअलमध्ये जे असेल ते. वरची ही मोकळी जागा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात शॉकप कडक होतो, म्हणून दोन्हीकडे अंतर सारखंच हवं. चाक लावल्यावर एक्सलला चिमटून धरणारा पिंच बोल्ट आवळायच्या आधी पुढचा ब्रेक धरून चार-पाच वेळा गाडी दाब, म्हणजे दोन्ही शॉकप आपापल्या जागी बसतात. हे बरेच मेकॅनिक पण करत नाहीत.

ट्रायलला येऊरच्या जंगलात घालू नकोस, ते नॅशनल पार्क आहे. सोसायटीतल्या स्पीडब्रेकरवरून सुरुवात कर.

प्रश्न: दादा, मी नेरुळची, ४११ हिमालयन चालवते. पुढचं सील बदलून दोनच आठवडे झाले आणि डाव्या पाईपवर परत तेल. परत खोलायचं का?

उत्तर: ताई, लगेच नको. चिखलातून गेला असाल तर सीलच्या ओठाखाली वाळूचा कण अडकलेला असू शकतो. डस्ट सील पाईपवरून वर सरकवा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मची गुळगुळीत पट्टी कापून सील आणि पाईपच्या मध्ये घाला आणि गोल फिरवून कचरा बाहेर ओढा, मग पाईप पुसून दहा-बारा वेळा दाबा. तरी तेल आलं तर सील बसवताना कापलंय किंवा पाईपला खड्डा आहे, मग खोलावंच लागेल. पण तुमच्या गाडीची डिस्क डावीकडेच आहे. ब्रेक पॅडवर तेल गेलं असेल तर पॅड बदला, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा आणि तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका.