आईने झोपेची गोळी एकदम बंद केली, आता हात थरथरतात

प्रश्न : डॉक्टर, आई ६४ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर झोप लागेना म्हणून अल्प्राझोलाम ०.५ सुरू झाली ती सहा वर्षं चालूच होती, मेडिकलवाले जुन्या चिठ्ठीवर द्यायचे. मामा म्हणाला सवयीची गोळी आहे, सोड, आणि तिने त्याच दिवशी बंद केली. आता चार रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, धडधड, घाम, कुकरची शिट्टी झाली किंवा नदीकाठी ढोलपथकाचा सराव सुरू झाला की कानावर हात ठेवते. ईसीजी, शुगर नॉर्मल आहे. जुना आजार परत आलाय का? का आठवडाभर दम धरला की जाईल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, दम अजिबात धरू नका, आजच तिच्या डॉक्टरांशी बोला. हा बहुतेक जुना आजार नाहीये, गोळी एकदम तुटल्याचा त्रास आहे, ज्याला विड्रॉवल म्हणतात, आणि तो आईच्या मनाच्या कमजोरीमुळे झालेला नाही हे घरात सगळ्यांना सांगा, मामालासुद्धा. ही गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा शांत करणारा परिणाम वाढवते, वर्षानुवर्षं घेतली की मेंदू तेवढ्यावरच बेतून चालायला लागतो, मग अचानक ती नसली की सगळं उसळतं. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जाते म्हणून एकदोन दिवसांतच सुरू होतं, डायझेपामसारख्या हळू जाणाऱ्या गोळीत आठवडाही लागू शकतो. जुनी काळजी परत येते ती सहसा हळूहळू, आणि आवाज-उजेड सहन न होणं, मुंग्या, तोंडाला धातूची चव, असलं काही आधी नव्हतं ना? मग संशय गोळीवरच घ्यायचा.

मला सगळ्यात काळजी फिटची वाटते. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. फिट आली, नसलेलं काही दिसायला लागलं, बरळायला लागली, कुठे आहे ते समजेना, तर डॉक्टरांना फोन-बिन करत बसू नका, १०८ची अँब्युलन्स बोलवा किंवा सरळ कॅज्युअल्टीत न्या.

डॉक्टर बहुतेक आधीचा डोस परत सुरू करतील आणि मग उतरवत नेतील, साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि त्रास वाढला तर तिथेच थांबायचं. म्हणजे यात महिने जातात, वर्षही जाऊ शकतं, शेवटचा छोटा तुकडा सोडणं तर अनेकांना सगळ्यात जड जातं, तेव्हा "अजून किती दिवस" असं तिला विचारू नका प्लीज. स्ट्रिपवर एसआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर ती गोळी मोडायची नाही. शेजारच्या काकूंची झोल्पिडेम म्हणजे दुसरी झोपेची गोळी, झोपेसाठी थोडी ब्रँडी, हे तर नाहीच. आणि गोळी सोडायची हे मामाचं म्हणणं चूक नव्हतं, या वयात या गोळ्यांनी तोल जाऊन पडायला होतं, विसरायला होतं, फक्त सोडायची रीत चुकली.

मेडिकलचं म्हणाल तर ही शेड्यूल एच१ मधली गोळी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला नोंद करावी लागते. जुन्या चिठ्ठीवर सहा वर्षं मिळत राहिली म्हणून मधे एकदाही कोणी डॉक्टरांनी विचारलं नाही की अजून गरज आहे का, आणि मला याचा खरंच राग येतो.

आधीचे डॉक्टर आता नसतील तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, रात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जाताना सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा, बीपीच्या, दुखण्याच्या पण, आणि शेवटची गोळी कधी घेतली ते कागदावर लिहून न्या.