वाडा पाडावा की राखावा? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

जुन्या इमारतींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयावर अनेकांनी लिहिले होते, तिथे पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात पाणी पुरत नाही, रस्ते धड नाहीत. अशा वेळी जुने वाडे राखण्यावर पैसा का घालवायचा? राहणाऱ्यांच्या पदरात काय पडते?
– कसबा पेठ, पुणे

राखलेली इमारत वापरात असेल, तरच राहणाऱ्यांच्या पदरात काही पडते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, तरी रोज लाखो माणसे तिथूनच लोकल पकडतात. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून भाजी विकते आहे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे सरकारी कचेऱ्याही तिथेच थाटल्या गेल्या. गावाच्या गरजा बदलत गेल्या, तरी तीच वास्तू त्या भागवत राहिली.

आता पेठेतल्या साध्या वाड्याचा हिशोब करून पाहू. साठ मीटर लांबीच्या, सहा मीटर उंच आणि दोन फूट जाड भिंती म्हणजे सुमारे २१६ घनमीटर बांधकाम. त्याचे वजन पावणेचारशे टनांच्या घरात जाते. हा राडारोडा हलवायला दहा टनी ट्रकच्या चाळीसेक फेऱ्या लागतात. पुढे वाळू, सिमेंट, सळई येते तीही त्याच अरुंद बोळातून. याचा खर्च बिल्डरच्या कागदावर दिसत नाही. धूळ, खचलेला रस्ता आणि फुटलेली जलवाहिनी शेजारच्यांच्या माथी येते. दुरुस्तीत साहित्य थोडे लागते आणि मजुरी जास्त, त्यामुळे पैशाचा मोठा वाटा गवंडी, सुतार, कौले चाळणारे अशा जवळपासच्या माणसांकडे जातो. शिवाय दोन फुटी भिंत आणि मधला चौक असलेल्या घरात वैशाखातली दुपार पंख्यावर निघते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वाडा राखला आणि आतले भाडेकरू बाहेर काढून त्याचे हॉटेल केले, तर लाकूडकाम वाचते पण पेठेतला माणूस उपनगरात जातो. म्हणून महापालिकेकडे मागणी करताना दर्शनी भागाच्या रंगरंगोटीपेक्षा छप्पर, पन्हाळी, मैलावाहिनी आणि सामाईक संडासांची दुरुस्ती आधी मागा. पाणी आणि वाडा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जुन्या भिंतींचे सर्वांत मोठे नुकसान गळक्या नळानेच होते.

प्रश्न : तळमजल्याच्या भिंतींना कंबरेपर्यंत ओल येते. दोनदा सिमेंटचा गिलावा केला, वॉटरप्रूफिंगचे रसायनही लावले. दोन पावसाळ्यांत पुन्हा पोपडे, आणि आता ओल छातीपर्यंत चढली आहे. असे का?
– वाई, सदाशिव पेठ (पुणे) आणि नाशिकहून आलेली पत्रे

ओल वर चढली ती सिमेंटमुळेच. जुनी भिंत विटा, माती आणि चुन्याची असते. जमिनीतले पाणी ती शोषते आणि पृष्ठभागावरून वाळवते. सिमेंटच्या थराने हा मार्ग बंद केला की पाणी गिलाव्याची वरची कड सापडेपर्यंत चढत राहते. पाण्याबरोबर क्षार येतात, गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक बनतात आणि विटेचा चेहरा भुगा होऊन गळतो. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गिलावा झिजला तर पुन्हा करता येतो, वीट झिजली तर भिंतच कमजोर होते. म्हणून गिलावा नेहमी भिंतीपेक्षा मऊ हवा.

आधी पाणी कुठून येते ते शोधा. गळकी पन्हाळ, न्हाणीची मोरी, फुटका नळ ही नेहमीची कारणे. पेठांमध्ये आणखी एक आहे: रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि जोते रस्त्याखाली गेले. चौकात फरशी किंवा काँक्रीट ओतले असेल, तर जमिनीतली वाफ चौकातून निघू शकत नाही आणि भिंतीकडे वळते. भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी उखडून तिथे खडी भरा आणि उतार भिंतीपासून दूर द्या.

मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या दीड-दोन फूट वरपर्यंत छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकर लावू नका, त्याच्या हादऱ्याने आतली माती सुटते. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत भिंतीत जातात. यानंतरची पायरी लोकांना सर्वांत जड जाते: भिंत दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवायची. घर वाईट दिसते, पाहुणे विचारतात, आणि घाईने गिलावा होतो. ओल्या भिंतीवरचा चुनाही टिकत नाही.

भिंत उघडी असतानाच तुळयांची टोके तपासून घ्या. टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. पूर्ण तुळई बदलायची गरज सहसा नसते. कुजका भाग कापून त्याच जातीचे वाळलेले लाकूड सांध्याने जोडता येते. बसवताना टोकाभोवती अर्धा इंच हवा खेळेल अशी जागा सोडा. टोक मसाल्यात घट्ट गाडले की कूज परत येते.

चुन्यासाठी ताजी, खणखणीत चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, घ्या. पोत्यातली जुनी फक्की हवेने आधीच मेलेली असू शकते. टाकीत आधी पाणी घ्या आणि चुनकळी त्यात थोडी थोडी सोडा, उलटे कधीच करू नका. पाणी उकळते आणि उडते, तेव्हा डोळ्यांना चष्मा व हातात रबरी मोजे हवेतच, आणि मुले लांब. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, तीन महिने मिळाले तर उत्तम. ओलीच्या जागी मसाल्याचे प्रमाण मापाने एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड) आणि दोन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू चालणार नाही, कारण ती नवे क्षार घेऊन येते. सुरखी कमी भाजलेल्या विटेची असावी. तिच्यामुळे ओलीतही चुना धरतो. चुना मळायची घाणी नसेल तर दगडी किंवा लोखंडी चाके असलेला मिक्सर मिळवा. काँक्रीटचा फिरता ड्रम मसाला नुसता ढवळतो, मळत नाही.

विटांमधल्या दरजा इंचभर खरवडून भरा, भिंत भिजवा आणि अर्ध्या इंचाहून जाड थर एका वेळी देऊ नका. दोन थरांमध्ये आठवडाभर जाऊ द्या. ओले गोणपाट लावून आठ-दहा दिवस थर ओलसर ठेवा, थेट ऊन नको. भराभर वाळला की जाळीसारख्या भेगा पडतात. गूळ आणि हिरड्याचे पाणी अनुभवी गवंडी घालतात, पण गूळ जास्त झाला तर मसाला धरायला फार वेळ लागतो. माहीतगार हात नसेल तर ते न घालणे बरे. शेवटी चुन्याचे पातळ हात चार-पाच. वॉल पुटी आणि प्लास्टिक इमल्शन या भिंतीवर लावाल तर सगळी मेहनत वाया जाईल. आणि गवंडी ‘लवकर सुकावे म्हणून थोडे सिमेंट टाकतो’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. चुना-सिमेंटची ही खिचडी ओल अडवते आणि लोणा लागण्याची गोष्ट पुन्हा सुरू होते.

प्रश्न : आमची चाळ वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे. इमारतीच्या मजबुतीच्या ऑडिटमध्ये ती धोकादायक ठरली. मालक म्हणतात पाडू. भाडेकरूंनी काय करावे?
– गिरगाव, मुंबई

पहिल्यांदा ऑडिट वाचा. मुंबईत अहवालात सी-१ असेल तर इमारत रिकामी करून पाडायची असते. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे माणसे राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. तुमची इमारत विटा आणि सागवानाची आहे आणि अहवालात फक्त रिबाउंड हॅमर नि अल्ट्रासॉनिकचे आकडे आहेत, तर तो अहवाल अपुरा आहे. त्या चाचण्या काँक्रीटसाठी असतात. लाकडी इमारतीत तुळयांची टोके, संडासाखालचे वासे, भिंतींचा ओळंबा, आणि भेगांवर चिकटवलेली काचपट्टी तडकते का, हे पाहावे लागते. लाकूड-चुना जाणणाऱ्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्या. दोन अहवाल विरोधी निघाले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येते. मात्र दुसराही अहवाल सी-१ म्हणत असेल तर घर सोडा. जिवापेक्षा कोणतीही नक्षी मोठी नाही.

श्रेणींचा अर्थही समजून घ्या. श्रेणी १ मध्ये अत्यावश्यक तेवढाच हस्तक्षेप चालतो. श्रेणी २ अ आणि ब मध्ये मर्यादित बदल होतात. श्रेणी ३ परिसराच्या रूपासाठी असते, त्यामुळे आत बदल आणि वाढ यांना बराच वाव मिळतो. नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली तरतूद विकास नियंत्रण नियमावलीत पाहा.

वारशाच्या बंधनामुळे वापरता न आलेले चटईक्षेत्र मालकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हणून मिळू शकते आणि ते विकता येते. हा टीडीआर मालकाचा असतो, भाडेकरूंचा नव्हे. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातला ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात जाईल, अशी अट नोंदणीकृत करारात घालून घ्या. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही अर्ज करा. मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा असते, वरचा खर्च रहिवाशांवर येतो. तो आकडा लेखी मिळाल्याशिवाय कामाला होकार देऊ नका.

प्रश्न : आमचे घर शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. साधी कौलेसुद्धा बदलता येत नाहीत, असे सांगतात. खरे आहे का?
– शनिवार पेठ, पुणे

नाही. शनिवारवाडा केंद्र-संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरते. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगीने करता येते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. जुनी मालमत्ता कराची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, घराची मोजमापे आणि चारी बाजूंचे फोटो जोडा. बरेचसे अर्ज अडकतात ते ‘दुरुस्ती’ म्हणून पाडून नवे बांधण्याचा नकाशा जोडल्यामुळे. कौले, वासे, गिलावा यांचा अर्ज त्याच नावाने आणि परिमाणासह करा: इतके वासे, इतके चौरस मीटर छप्पर. आणि पावसाळा तोंडावर येण्याची वाट न पाहता दिवाळीतच द्या, परवानगीला काही महिने लागतात.

या नियमाने स्मारकाभोवतीच्या रहिवाशांवर मोठा भार टाकला आहे आणि त्याची भरपाई त्यांना मिळत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. स्मारकाच्या शेजारी राहणाऱ्यांना निदान दुरुस्तीची परवानगी तरी लवकर आणि घराजवळच्या कार्यालयात मिळायला हवी.

प्रश्न : भिंतीत पिंपळ उगवला आहे. ओढून काढावा का?
– कोल्हापूर

मुळीच नाही. मुळांबरोबर दरजेतला मसाला आणि दगडही येतात. रोप बोटाएवढे असताना भिंतीलगत कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा आणि वर प्लास्टिक बांधा. मूळ वाळायला काही महिने लागतात. पुन्हा फुटले तर पुन्हा कापून लावा. वाळलेले मूळ हाताने सुटेल तेवढेच काढा आणि पोकळीत चुन्याचा पातळ मसाला खालून वर भरत जा. मनगटाएवढे खोड झाले असेल तर आधी भिंतीला टेकू द्या, कारण कित्येकदा सुटलेले दगड त्या मुळांनीच धरून ठेवलेले असतात.