मायनस बाराचा चष्मा, लॅसिकला नकार आणि घरचा धोशा

प्रश्न : ताई नमस्कार, मी २६ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, मिहानमध्ये जॉब आहे. डावा डोळा मायनस १२, उजवा साडेअकरा, दोन्हीकडे दीडचा सिलिंड्रिकल. दुसरीपासून चष्मा आहे, शाळेत ढापणी म्हणायचे, आता कोणी म्हणत नाही पण काच एवढी जाड की फ्रेमच्या बाहेर येते. घरी स्थळं बघून राहिले आणि आईचं म्हणणं की पाहुणे आले की चष्मा काढून बस. मागच्या महिन्यात तसंच केलं, चहा दिला, पंधरा मिनिटं बोललो, नंतर बाबांनी विचारलं मुलगा कसा वाटला तर मला फक्त त्याच्या शर्टाचा रंग सांगता आला. आता लॅसिक करून टाक म्हणून धोशा लावलाय. धंतोलीत एका ठिकाणी तपासलं तर म्हणाले कॉर्निया ४९८ आहे, लॅसिक होणार नाही, आयसीएल बसवू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले बघू, करून देऊ काहीतरी. मैत्रीण म्हणते डोळ्याच्या आत लेन्स टाकणं रिस्की आहे. काय करू? आणि भाचा ८ वर्षांचा आहे, त्याला आत्ताच मायनस ३ निघाला, त्याचंही माझ्यासारखंच होणार का?

उत्तर : शर्टाच्या रंगावर मी एकटीच हसत बसले, कारण माझा नंबर मायनस १३ आहे आणि बर्डीवर एकदा चष्मा पडून तुटला तेव्हा मी अनोळखी बाईचा हात धरून रस्ता ओलांडला होता, ती बाई की माणूस हेसुद्धा आवाज ऐकल्यावर कळलं.

आधी ते ४९८ काय ते समजून घे म्हणजे कोण बरोबर बोलून राहिलं ते तुलाच कळेल. ४९८ म्हणजे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची, जाडी. बहुतेकांची ५४० च्या आसपास असते. लॅसिकमध्ये वर साधारण ११० मायक्रॉनची पातळ झाकणी उचलतात आणि खालचा भाग लेझरने घासतात, एका नंबरला ढोबळमानाने १४ मायक्रॉन धर. साडेअकराला झाले १६० च्या वर. आता ४९८ मधून ११० आणि १६० वजा कर, उरतात २२८. खाली निदान २५० तरी राहायला पाहिजेत, बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जातच नाहीत. नाहीतर कॉर्निया कमजोर होऊन पुढे फुगू शकतो आणि मग जे दिसतं ते चष्म्यानेही नीट सुधारत नाही. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते तुझ्या भल्यासाठीच. स्माईलचं नाव ऐकलं असशील, तेही लेझरचंच ऑपरेशन, त्यात झाकणी नसते पण कॉर्निया त्यातही काढावाच लागतो, आणि तेही मायनस १० पर्यंतच. "करून देऊ काहीतरी" म्हणणाऱ्यांना एवढंच विचार की केल्यावर किती मायक्रॉन उरतील ते कागदावर लिहून द्या. लिहून देत नसतील तर उठून ये, चहा पण पिऊ नको.

आयसीएलमध्ये कॉर्निया घासत नाहीत. जेमतेम ३ मिलिमीटरच्या छेदातून घडी केलेली मऊ लेन्स आत सोडतात, ती बुबुळाच्या मागे आणि आपल्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे बसते, स्वतःचं भिंग तसंच राहतं. मोठ्या नंबरला हेच जास्त चांगलं जमतं, सिलिंड्रिकलसाठी टोरिक मिळते आणि गरज पडली तर लेन्स काढताही येते. जाड मायनस काचेतून आपल्याला सगळं जग छोटं दिसतं ना, ते मूळ आकारात दिसायला लागतं.

मैत्रीण अगदीच चूक नाही. हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे. लेन्स मोठी निघाली तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, लहान निघाली तर आपल्या भिंगाला टेकून मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, टोरिक कधी फिरते, रात्री गाड्यांच्या लाइटभोवती कडी दिसतात. म्हणून कॉर्निया आणि भिंगाच्या मधली जागा पुरेशी खोल आहे का (साधारण ३ मिलिमीटर), कॉर्नियाच्या आतल्या पेशी किती आहेत, हे मोजल्याशिवाय तारीख घ्यायची नाही, आणि नंतरही दरवर्षी तपासणी. वर्षभरात नंबर हलला असेल तर थांब. सांगितलेला खर्च एका डोळ्याचा की दोन्हीचा तेही विचार, इथे भलेभले फसतात.

आता जे घरचे ऐकून घेत नाहीत ते. नंबर मोठा असतो कारण डोळा लांबलेला असतो, साधारण २४ मिलिमीटरचा गोळा आपल्यासारख्यांचा २६ च्या पुढे गेलेला असतो. लॅसिक करा, आयसीएल करा, ती लांबी कमी होत नाही, आणि ताणलेला मागचा पडदा तसाच पातळ राहतो. माझ्या डाव्या पडद्याला दोन बारीक छिद्रं होती, मला काहीही त्रास नव्हता, थेंब टाकून तपासताना दिसली आणि लेझरने भोवती शिवल्यासारखं करून टाकलं, अर्धा तास लागला. चष्मा गेला म्हणून ही तपासणी सोडणारे मी पाहिलेत. अचानक काळे ठिपके खूप वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखा वाटला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

आणि काहीच केलं नाही तरी चालतं गं. कॉन्टॅक्ट लेन्स आहेत, फक्त त्यांचा नंबर चष्म्याचा नसतो, मायनस १२ ला साधारण साडेदहा येतो, म्हणून नीट मोजून घे. झोपताना काढायच्या, नळाचं पाणी लावायचं नाही, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत समोर कुलर लावून बसलीस तर लेन्स पापडासारखी वाळते. चष्माच ठेवायचा तर १.७४ इंडेक्सची पातळ काच आणि छोटी गोल फ्रेम घे, मोठ्या फॅशनेबल फ्रेममध्ये मायनस बाराची कड अशीच बाहेर येणार.

भाच्याला गाजर आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी नंबर जात नाही. रोज दोन तास उजेडात बाहेर खेळू दे (उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ), आणि अ‍ॅट्रोपिनचे कमी ताकदीचे थेंब किंवा वाढ मंदावणाऱ्या खास काचा त्याला चालतील का हे मुलांच्या नेत्रतज्ज्ञांना विचारा, उशीर नको.

आईला सांग, पुढच्या वेळी चष्मा लावूनच बसणार, मुलगा निदान दिसू तर दे. आयसीएल करायची तर तुला पाहिजे म्हणून कर, स्थळासाठी नको. आधी पडद्याची तपासणी करून घे आणि त्या दिवशी स्कूटी घरीच ठेव, थेंब टाकल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं आणि वर्धा रोडचं ऊन डोळ्यात घुसतं, ऑटोने जा, गॉगल ने.