बीपीची गोळी नर्सनं दिली तर?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझी आई कणकवली तालुक्यात गावी एकटी असते, वय 71. दोन वर्षांपूर्वी तिला बीपी निघालं. तेव्हापासून गोळ्या उपकेंद्रातल्या मॅडम देतात. त्या डॉक्टर नाहीत, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आहेत. मी तिला दर तीन महिन्यांनी डोंबिवलीला आणून मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणतो. ती ऐकत नाही. पैसेवाल्याला डॉक्टर आणि गरिबाला नर्स, असाच हा प्रकार नाही का? – एक चाकरमानी

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो रागानं विचारलेला असला तरी रास्त आहे. डॉक्टरांची पदं रिकामी ठेवायची आणि गाव नर्सच्या गळ्यात टाकायचं, असं कुठे होत असेल तर तो गावावर अन्याय आहे आणि त्या नर्सवरही. तुमच्या आईच्या बाबतीत तसं आहे का, हे तुम्हाला डोंबिवलीत बसूनही कळेल. तिच्या बीपीच्या कार्डाचा फोटो मागवा. औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सुरू केलंय का? दर महिन्याचं रीडिंग लिहिलेलं आहे का? रीडिंग चढलं तेव्हा डॉक्टरांना विचारल्याची नोंद आहे का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर तुमची आई चांगल्या हातात आहे.

त्या मॅडम म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे म्हणतात ते सीएचओ. 2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर हे पद आलं. आपल्याकडे त्यावर आयुर्वेदाचे बीएएमएस, युनानीचे बीयूएमएस झालेले आहेत आणि बी.एस्सी. नर्सिंगवालेही. डोंगराळ भागात साधारण 3,000 वस्तीला एक उपकेंद्र आणि 20,000 वस्तीला एक आरोग्य केंद्र धरतात. डॉक्टर त्या वीस हजारांत वाटलेला असतो. उपचार डॉक्टरांनी ठरवायचा. महिन्याच्या गोळ्या, तपासणी, पथ्यपाणी, पाठपुरावा सीएचओनं बघायचा. अडलं तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलायचं किंवा पेशंटला वर पाठवायचं, अशी ही रचना आहे.

आणि आपला सिंधुदुर्ग यात मागून आलेला नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत सातारा, वर्धा, भंडाऱ्याबरोबर सिंधुदुर्ग होता. सगळीकडे औषधांचा एकच साधा क्रम, तीस दिवसांच्या गोळ्या घराजवळ आणि नोंदी व पाठपुरावा नर्सच्या हाती, एवढंच त्याचं सूत्र. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

मी याच जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर एका उपकेंद्रात बसून पाहिलेली गोष्ट सांगते. सीएचओ मुलगी लातूरकडची. एक आजी घाटी चढून धापा टाकत आली. हिनं लगेच पट्टा बांधला नाही. आजीला पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवायला सांगितले, पाच मिनिटं बोलू दिलं नाही. मग हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून बीपी घेतलं. 158/94. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं, 152/90. आता गोळी वाढवायची वेळ आली, असं कुणालाही वाटलं असतं. हिनं आजीची पिशवी मागितली आणि पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. महिना संपत आलेला, तरी अर्ध्या शिल्लक. आजी म्हणाली, "एक दिस आड घेतंय, सरतली म्हणान." गोळ्या संपल्या आणि पुढच्या खेपेला मिळाल्या नाहीत तर, ही तिची भीती. मुलगी तिच्यावर चिडली नाही. कपाट उघडून साठा दाखवला, रोज एक घ्यायला सांगितलं, पंधरा दिवसांनी बोलावलं आणि डॉक्टरांना फोन करून हे सगळं कळवलं. रात्रभर कोकणकन्येत अवघडून आलेल्या बाईला तपासणाऱ्या डोंबिवलीच्या डॉक्टरांना ही पिशवी दिसणार नाही.

हे काम नर्सला झेपतं का, हा प्रश्न जगात बराच तपासून झालाय. अमेरिकेत 1965 मध्ये लोरेटा फोर्ड या नर्सनं हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांबरोबर कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः तपासणी-उपचार करणाऱ्या नर्सचं, पहिलं शिक्षण सुरू केलं. दक्षिण आफ्रिकेत 2010 पासून नर्स एचआयव्हीची औषधं सुरू करतात. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात प्राथमिक आरोग्यसेवेपुरते नर्सचे निकाल डॉक्टरांइतके किंवा थोडे सरसच दिसले. मात्र ही सगळी शिकलेल्या, नियमात बसवलेल्या, औषधसाठा हाताशी असलेल्या नर्सची गोष्ट आहे. कपाट रिकामं असेल तर पदवीचा उपयोग नाही.

म्हणून आईला ओढून आणू नका. वर्षातून एकदा तिला आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना दाखवा. साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), ईसीजी करून घ्या. गणपतीत याल तेव्हा हेच करा. तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर उपकेंद्राची वाट न बघता 108. हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), कोल्हापुरात खासगी आयसीयूत आहे. व्हेंटिलेटर, ड्रिप, सगळं सांभाळते, पण पद तेच. नर्स प्रॅक्टिशनर होता येईल का?

उत्तर : येईल, वाट लांब आहे. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. कर. त्यानंतर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा, रुग्णालयात काम करत शिकायचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रसूती विभागात जायचं मन असेल तर मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरचं प्रशिक्षण अठरा महिन्यांचं आहे आणि ते जीएनएमलाही खुलं आहे. तेलंगणानं त्यात चांगली आघाडी घेतली आहे.

पण बाळा, फी भरण्याआधी रुग्णालयाला लेखी विचार, की शिकून आल्यावर पद कोणतं, पगार किती, आणि कोणते निर्णय मी स्वतः घ्यायचे? अभ्यासक्रम आहेत आणि पदं मात्र निघत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. 1947 च्या परिचर्या (नर्सिंग) परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 मध्ये नर्सिंगच्या राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत झाला. शिकलेल्या नर्सला औषध लिहिण्याचा मर्यादित पण स्पष्ट अधिकार आणि त्याला साजेसं पद मिळालं पाहिजे, हे आता आपल्या संघटनांनी लावून धरायला हवं. आयसीयूत रात्री दोनला जे निर्णय तू घेतेस, ते कागदावर दुसऱ्याच्या नावानं का असावेत?

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात गोळ्या वारंवार संपतात. सीएचओ म्हणतात, वरून येत नाहीत. आम्ही काय करायचं?

उत्तर : त्यांच्याशी भांडू नका, त्या स्वतः कंत्राटी आहेत आणि साठा त्यांच्या हातात नाही. उपकेंद्राची जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष, आरोग्य केंद्राचे डॉक्टर सहअध्यक्ष आणि सीएचओ सचिव. कोणती गोळी कोणत्या तारखेपासून नाही, हे एका कागदावर लिहून समितीच्या बैठकीत द्या, इतिवृत्तात घ्यायला लावा आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. बीपी-साखरेचे पाच-सहा पेशंट सोबत न्या. तोवर गोळीत खंड पडू देऊ नका. आरोग्य केंद्रातून आणा, तिथेही नसेल तर जेनेरिक दुकानातून घ्या.