परजीवी मारणारे घटक वनस्पतींत आहेत, मग थेट काढा का घेऊ नये?

वनस्पतींत असे घटक आहेत, हे अगदी खरं. मी औषधशास्त्र शिकवते. हिवतापावरची दोन फार मोठी औषधं झाडांकडूनच आली आहेत. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये पेलेतिये आणि कावांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी क्विनीन वेगळं केलं. दुसरं आर्टेमिसिनिन, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच इतिहासात आहे.

चीनमध्ये १९६७ साली हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू झाली. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने जुने ग्रंथ चाळून कितीतरी वनस्पतींचे अर्क तपासले. छिंगहाओ, म्हणजे आर्टेमिसिनिन जिच्यात असतं ती वनस्पती. तिच्या अर्काने एकदा गुण यायचा, पुढच्या वेळी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांनी मात्र ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. उष्णतेने गुण जात असावा, हे तू यांनी त्यावरून ताडलं. कमी तापमानाला ईथरने काढलेल्या अर्काने १९७१ मध्ये उंदरांच्या रक्तातले परजीवी पूर्ण नाहीसे झाले. म्हणजे वनस्पती योग्य होती, पण तिची कृती चुकली की हाती काहीच लागत नव्हतं!

आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक पूल असतो. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पचवतो, तेव्हा मोकळं झालेलं लोहयुक्त हीम तो पूल तोडतं आणि त्यातून तयार झालेले कण परजीवीचीच प्रथिनं जाळतात. मला हे फार विलक्षण वाटतं.

काढ्यात मात्र हा घटक किती उतरला, हे रोपागणिक बदलतं. मात्रा अपुरी पडली तर चिवट परजीवी मागे उरतात आणि औषधाला दाद न देणारी पिढी वाढते. शुद्ध आर्टेमिसिनिनसुद्धा काही तासांत शरीरातून निघून जातं, म्हणून ते जास्त टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. पानांचा चहा किंवा भुकटी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते यामुळेच.

‘अमुक वनस्पतीने परजीवी मारले’ अशा बातम्या बहुधा काचेच्या बशीतल्या प्रयोगांच्या असतात. हळदीतलं कर्क्युमिन बशीत परिणाम दाखवतं, पण तोंडाने घेतल्यावर रक्तात जेमतेम पोहोचतं. इपेकाक या वनस्पतीच्या मुळातलं एमेटिन आतड्यातल्या अमीबावर खरोखर चालायचं, पण हृदयाला घातक ठरायचं. मेट्रोनिडॅझोल हे औषध आल्यावर ते मागे पडलं.

तुम्हाला आत्ता थंडी वाजून ताप येत असेल, तर कृपा करून काढ्यावर थांबू नका. आजच रक्त तपासून घ्या. फॅल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार असला, तर उपचाराविना चोवीस तासांतही प्रकृती गंभीर होऊ शकते.