आधी विचारावे, मग हात द्यावा

(या वेळी निवडलेली चारही पत्रे रोजच्या वागण्याबद्दलची आहेत. पत्रे लांबलचक असल्यामुळे त्यांतील मुख्य मजकूर तेवढाच येथे दिला आहे.)

प्रश्न : कल्याण स्थानकावर पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ फलाटावर उभे होते. गाडी येताना दिसली म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना समोरच्या दाराकडे नेऊ लागलो. त्यांनी हात झटकला आणि "मला ठाऊक आहे, सोडा," असे ते तोडून बोलले. मदत करणाऱ्याशी असे वागावे का? – एक वाचक, कल्याण

उत्तर : आपला हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरीही आपण गर्दीत उभे असताना एखाद्या अनोळखी माणसाने चकार शब्द न काढता बाजूने येऊन दंड पकडला, तर आपली पहिली प्रतिक्रिया काय होईल, याचा विचार करावा. खिसेकापूंमुळे सगळेच सावध असलेल्या स्थानकावर तर आपणही हात झटकलाच असता. त्या गृहस्थांना आपला चेहरा दिसत नव्हता आणि आपण काही बोलला नव्हता, म्हणजे आपला चांगला हेतू त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरला नव्हता.

शिवाय ते बहुधा योग्य जागीच उभे असावेत. मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांचा डबा फलाटावर जेथे थांबतो, तेथे छताजवळ बसवलेल्या यंत्रातून सतत टिक-टिक असा आवाज येत असतो. डोळस प्रवाशांपैकी पुष्कळांना तो वर्षानुवर्षे ऐकूनही कशासाठी आहे हे ठाऊक नसते. मात्र अंध प्रवासी त्याच आवाजाच्या अनुरोधाने आपली जागा पकडतात. तेथून त्यांना दुसऱ्या दाराकडे नेणे म्हणजे त्यांची शोधून काढलेली जागा घालवणे होय.

मदत करावीशी वाटली, तर समोर किंवा शेजारी थांबून "मी मदत करू का?" असे आधी विचारावे, आणि नकार आला तर तो मनाला लावून न घेता बाजूला व्हावे. होकार आला तर आपण त्यांचा हात धरायचा नसतो, आपला हात त्यांना धरू द्यायचा असतो. आपल्या हाताचा मागचा भाग त्यांच्या हाताला हलकेच लावला की ते आपल्या कोपराच्या किंचित वर पकडतात आणि अर्धे पाऊल मागे राहून चालतात. आपले शरीर वळले, थांबले किंवा पायरी चढले की त्यांना ते हातातूनच कळते. काठीला मात्र हात लावू नये, कारण तिच्या टोकाने ते पुढची जमीन वाचत असतात. वाट अरुंद असेल तर आपला हात पाठीमागे न्यावा, म्हणजे ते आपोआप आपल्या मागे येतात. पायऱ्यांपाशी क्षणभर थांबून त्या वर जातात की खाली, हे सांगावे. बसायची जागा दाखवायची असेल तर खांदे दाबून बसवू नये. त्यांचा हात बाकाच्या पाठीवर नेऊन ठेवावा, पुढचे ते पाहतात. "इकडे", "तिकडे", "ते बघा" हे शब्द येथे निरुपयोगी आहेत. "आपल्या डाव्या हाताला दहा पावलांवर जिना आहे" असे सांगावे. आणि निघताना "मी आता जातो" हे सांगायला विसरू नये, कारण आपण निघून गेल्यानंतरही रिकाम्या हवेशी बोलत राहण्याचा अनुभव बहुतेक अंध व्यक्तींना येतो आणि तो फार अपमानास्पद असतो.

जाता जाता आणखी एक. फलाटावर आणि काही पदपथांवर उंचवटे असलेल्या पिवळ्या फरश्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 साली त्या तयार केल्या आणि 1967 साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या म्हणजे "चालत राहा" आणि गोल ठिपके म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे" असा त्यांचा अर्थ आहे. त्यांवर पिशवी किंवा स्कूटर उभी न करणे हीसुद्धा मदतच आहे, आणि तिला तर विचारण्याचीही गरज नाही.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात महामार्गावर दुचाकी घसरून एक मुलगा पडला होता. पाच-पंचवीस माणसे भोवती उभी होती, पण पुढे कोणी होईना. पोलीस चौकीच्या चकरा मागे लागतील या भीतीने मीही झालो नाही. ते अजून मनातून जात नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : ही भीती एके काळी अगदीच निराधार नव्हती; आता मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले. त्यानुसार जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे असते. रुग्णालयही त्याला अडवून ठेवू शकत नाही.

तेव्हा पुढे व्हावे. 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस बोलवावेत, नेमकी जागा सांगण्यासाठी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा वाचावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मानेला मार असण्याची शंका असेल तर मागून येणाऱ्या वाहनांचा धोका नसताना जखमीला उगाच हलवू नये, आणि तोंडात पाणी ओतू नये. घसा कोरडा पडला असेल या मायेपोटी आपल्याकडे ही चूक हमखास होते. तेही जमले नाही, तर निदान मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना बाजूला सारून जखमीशेजारी बसावे आणि गाडी येते आहे हे त्याला सांगत राहावे.

प्रश्न : आमच्या इमारतीतून कचरा नेणाऱ्या ताईंच्या तळहाताला पट्टी होती. विचारले तेव्हा कळले, कोणीतरी ओल्या कचऱ्यात फुटलेला ग्लास टाकला होता. असा कचरा द्यावा तरी कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 साली उभी राहिली, आणि 2008 पासून "स्वच्छ" ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेबरोबरच्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करते. हा कचरा पुढे हातांनीच निवडला जातो, एवढे लक्षात ठेवले तरी बऱ्याच गोष्टी आपोआप सुचतात. फुटलेली काच जाड वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत किंवा जुन्या खोक्यात घालून, वर ठळक "काच" असे लिहून ती वेगळी द्यावी आणि देताना तोंडानेही सांगावे. इन्सुलिनच्या सुया टणक प्लास्टिकच्या बाटलीत साठवून झाकण घट्ट लावावे. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा; पुण्यात ही खूण रूढ करण्यासाठी मोहीमच झाली आहे. असा कचरा नीट गुंडाळून देणे हे घनकचरा नियमांनुसार आपले कर्तव्यच आहे, उपकार नव्हे. आणि आपण पट्टीकडे पाहून चौकशी केलीत, हे चांगले केलेत.

प्रश्न : आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. मला ते खटकते. पण सासूबाईंना दुखवायचेही नाही. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला खटकते ते योग्यच आहे. जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी 1868 साली खुला केला, आणि आपण अजून कपापाशी अडलो आहोत. सासूबाईंशी वाद घालू नये. उद्या चहा आपण करावा, सगळ्यांना एकाच संचातील कपांतून द्यावा, मावशींना "बसून घ्या, मावशी" असे म्हणावे आणि आपणही त्यांच्याबरोबर बसून प्यावा. सासूबाई काही बोलल्या, तर तो कप फुटका होता एवढेच सांगावे. ते खोटेही नाही. तो फेकताना मात्र वर सांगितल्याप्रमाणे कागदात गुंडाळूनच द्यावा.