बिल्बाओच्या आस्ते नागुसिआ उत्सवात पाहुण्याने कसं वागावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या बिल्बाओला जाताय, शाकाहारी आहात, आणि स्थानिकांना खटकेल असं काही हातून व्हायला नको. मी या उत्सवाला तिथल्या मित्रांबरोबर जाते, त्यामुळे जवळून जे पाहिलंय त्यावरून सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप जमेल. हा उत्सव पर्यटकांसाठी मांडलेला नाही. पूर्वी बिल्बाओचा ऑगस्ट म्हणजे मुख्यतः बैलांच्या झुंजी आणि पैसेवाल्यांची करमणूक. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको 1975 मध्ये वारला आणि 1978 मध्ये गावातल्या सामान्य लोकांनी एकत्र येऊन उत्सव स्वतःच्या हातात घेतला. त्यासाठी जे गट उभे राहिले त्यांना कोन्पार्त्सा म्हणतात. आपल्याकडच्या गणेश मंडळाचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर आणा: वर्गणी, मांडव, रात्रीच्या पाळ्या, भांडणं, सगळं आलं. नदीकाठच्या आरेनाल भागात त्यांचे रंगवलेले मोठे स्टॉल लागतात, ते चोस्ना. तिथे तुम्हाला पेय ओतून देणारी मुलगी बहुधा बिनपगारी पाळी करत असते, आणि जमलेल्या पैशावर कोन्पार्त्साचं वर्षभराचं काम चालतं. म्हणून खर्च करायचाच तर चोस्नावर करा, पहाटे तीनला रांग हलत नसेल तरी आवाज चढवू नका, आणि अनामत देऊन घेतलेला पेला रस्त्यात न टाकता परत करा.

चोस्नांवर राजकीय फलक भरपूर दिसतील. बास्क भाषा, कैदी, स्त्रियांचे हक्क, स्थलांतरित, अनेक विषय. ‘पण तुम्ही स्पेनचेच ना?’ हा प्रश्न तिथे कृपा करून विचारू नका. बास्क प्रदेश स्पेनचा की स्वतंत्र, यावर घराघरांत मतभेद आहेत, त्या वादातल्या हिंसेत माणसं गमावलेली कुटुंबं दोन्ही बाजूंना आहेत. कुणी आपणहून बोललं तर मनापासून ऐका. फलकांपुढे उभं राहून सेल्फी काढणं मला अजिबात पटत नाही.

सुरुवात 15 ऑगस्टनंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी होते. आरियागा नाट्यगृहाच्या सज्जात हात उंचावलेली मारिखाया येते, चुपिन नावाचा रॉकेट सुटतो आणि पुढचे नऊ दिवस गाव रस्त्यावर असतं. मारिखाया म्हणजे मारी पुरी एरेरो या चित्रकर्तीने 1978 मध्ये घडवलेली भली थोरली बाई. चुपिनच्या गर्दीत अंगावर वाइन उडते, म्हणून जुने कपडे घाला आणि लहान मुलांना तिथे नेऊ नका. पांढरे कपडे आणि लाल रुमाल ही पाम्प्लोना आणि बायोन या दुसऱ्या शहरांच्या उत्सवांची रीत, ती इथे नको. मुलांसाठी गार्गान्तुआ आहे: हा राक्षस मुलांना तोंडातून गिळतो आणि ती मागून घसरत बाहेर येतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कधीतरी अचानक चिस्तूचे, म्हणजे बास्क बासरीचे, सूर येतील, गर्दी मागे सरकून मोकळी जागा करेल आणि एक जण एकट्याने नाचू लागेल, पाय थेट डोक्याच्या उंचीपर्यंत. हा आउरेस्कू नाच, कुणाच्या तरी सन्मानार्थ केलेला. त्या वेळी गप्प उभं राहायचं, चित्रीकरणासाठी पुढे घुसायचं नाही, टाळ्या शेवटी. बेर्त्सोलारी म्हणजे शीघ्रकवी, त्यांच्या कार्यक्रमालाही हेच लागू. दिलेल्या विषयावर, दिलेल्या चालीत ते तिथल्या तिथे बास्कमध्ये कडवी रचून गातात. एक शब्द कळला नाही तरी जरूर बसा. फ्रँकोच्या काळात ही भाषा शाळेत आणि कारभारात चालू दिली जात नव्हती. आज हजारो माणसं श्वास रोखून तिच्यातली यमकं ऐकतात, हे पाहताना मला दर वेळी भरून येतं. निदान ‘काइशो’ (नमस्कार) आणि ‘एस्केरिक आस्को’ (आभार) एवढं तरी म्हणा.

अजून एक. 26 ऑगस्ट 1983 ला ऐन उत्सवात नदीला महापूर आला, जुनं गाव बुडालं, चोस्ना वाहून गेल्या. त्या पुराने बास्क प्रदेशात तिसाहून अधिक बळी घेतले. जुन्या गल्ल्यांत पाणी कुठवर चढलं होतं याच्या खुणा आहेत. त्यांना टेकून बाटल्या ठेवू नका.

गर्दीत धक्के लागतात, पण अंगचटीला जाणं इथे मुळीच खपवून घेतलं जात नाही. जांभळ्या रंगाने ओळखू येणारी मदत केंद्रं असतात, सोबतच्या मुलींना ती दाखवून ठेवा.

खाण्याचं: मक्याच्या पिठाची भाकरी, तालो, चीज किंवा चॉकलेट घालून मागा, कारण नेहमी तिच्यात डुकराचं सॉसेज असतं. गेर्निकाच्या तळलेल्या मिरच्या हमखास मिळतात. बटाट्याचा तोर्तिया म्हणजे इथलं आम्लेट, त्यात अंडं असतं. ‘मांस नको’ म्हटल्यावर ‘हॅम आणि मासेही नकोत’ हे वेगळं सांगा.

राहायला जुन्या गावात खोली घेतलीत तर झोप विसरा, आणि खाली जाऊन आवाज कमी करा म्हणू नका. मुलं बरोबर आहेत तर देउस्तो या भागाकडे राहा. उत्सवात मेट्रो रात्रभर चालते. खोली मात्र आत्ताच बघा, ऑगस्ट जवळ आला की दर झपाट्याने चढतात.